किसनच्या वाट्याचा रोट

दगाचं अर्धं आयुष्य सुरतेत गेलं, पण सुरत त्याने पाहिली नव्हती. लिंबायतमधली खोली आणि मागांचं खातं, एवढाच त्याचा रस्ता. यंत्रमागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. त्या खात्यात दोन ओळींमधल्या बोळीत तो पाळीभर येरझाऱ्या घालायचा. घाण्याचा बैल चालतो खूप आणि पोचत कुठंच नाही, तशातली गत. चालून चालून पायांच्या शिरा वर आल्या, मागांच्या खटखटाटाने कान गेले, आणि मग एक दिवस शेठने माग भंगारात काढले. आता राखी झाली की दगा आणि त्याची बायको उषाबाई सामान बांधून शिरपूरकडच्या आपल्या गावी कायमचे परतणार होते. सोबत कानबाईचा नारळही जाणार होता.

त्या कानबाईपायीच दगाला आज घराबाहेर पडावं लागलं.

श्रावणातल्या एका रविवारी खानदेशी घरात कानबाई देवी नारळाच्या रूपात बसते. त्या दिवशीचा रोट म्हणजे गूळ घालून कडक भाजलेली जाड भाकरी. त्याचे गहू मोजायची रीत आहे. भावकीतल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. रोट खायचा तो भाऊबंदांनीच, परक्याला त्याचा घासही द्यायचा नाही आणि पुनवेनंतर घरात तुकडाही ठेवायचा नाही. उरला तर नदीत सोडायचा.

दगाच्या घरचा रोट दरवर्षी उरायचा. कारण उषाबाई दरवर्षी किसनच्या नावाची मूठ मोजायची, आणि किसन यायचा नाही.

किसन दगाचा धाकटा भाऊ. एकेकाळी दोघांचे माग शेजारी शेजारी होते. पण किसनच्या पायाला भिंगरी. सुट्टीच्या दिवशी दगा दुसऱ्याची पाळी भरून काढायचा आणि किसन पायी शहर हिंडायला निघायचा. संध्याकाळी येऊन सांगत बसायचा. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या कबरी आपल्या महादेवाच्या देवळाहून उंच आहेत. तापीच्या काठावर किल्ला आहे. एक टॉवर आहे, त्याच्या घड्याळाखाली उभं राहिलं की मान दुखते. दगा विचारायचा, त्या मेलेल्या गोऱ्यांनी तुला चहा पाजला का रे? किसन हसायचा आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा जायचा.

अशाच हिंडण्यात एका कानबाईला तो फार उशिरा आला. पानं वाढून झाली होती, म्हातारे खोळंबले होते. दगा चिडला. म्हणाला, "बसा जेवायले. भाऊबंद राहता तर टाइमवर येता." आपल्याला भाऊबंदांतून काढलेलं ऐकायला किसन तेव्हा नेमका दारात होता. त्याने माठातलं पाणी प्यायलं, पेला पालथा घातला आणि गेला. पुन्हा लिंबायतला फिरकला नाही.

रागाच्या भरात गेलेला माणूस चार दिवसांनी येतो, असं दगाला वाटलं होतं. दोघांची पोटं एकाच खात्यावर होती. पण किसनने खातंही सोडलं.

यंदा मात्र लोटू रिक्षावाल्याने बातमी आणली. जुन्या शहरात, चौक बाजाराकडे, त्याला किसन ओझरता दिसला होता. पुनव उद्यावर आलेली. उषाबाईने एक रोट पांढऱ्या फडक्यात बांधला आणि दगाच्या कानाशी येऊन, त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "यंदा नदीमा सोडाले मी तयार नही. त्याले सांगा, गहू त्याना नाववर मापेल शे."

लोटू रिक्षाने सोडतो म्हणाला. पण त्याचं सकाळचं गिऱ्हाईक मोडायचं आणि वर फुकट बसायचं, हे दगाला पटेना. भाड्याचे पैसे गाठीला होते, पण ते गावच्या प्रवासाला लावून ठेवलेले. तो पायी निघाला.

रेल्वेच्या गरनाळ्यातून, रुळांखालच्या बोगद्यातून, तो पलीकडे आला. पाऊस नव्हता, पण हवेला ओल्या घोंगडीचा वास आणि तिच्याइतकंच वजन. सहारा दरवाजा आला. दगाने दरवाजा शोधला, दरवाजा नव्हता. साड्यांच्या मार्केटांच्या उंच इमारती उभ्या होत्या. इतकी वर्षं आपण विणलेलं कापड इथे येऊन पडत होतं आणि आपण आज येतोय, असं त्याच्या मनात आलं. मग दिल्ली दरवाजा. तिथेही नावच शिल्लक, दरवाजा नाही. किसनने हे सांगितलं होतं. म्हणायचा, सुरतेचे दरवाजे रिक्षावाल्यांच्या तोंडात आहेत. तेव्हा दगा हसला नव्हता. आज भर रस्त्यात एकटाच हसला, आणि मग त्याला थकल्यासारखं झालं.

किसनला शोधायला त्याच्यापाशी दुसरा नकाशा नव्हता. किसनच्या जुन्या गप्पा आठवायच्या आणि त्या वाटेने जायचं. म्हणून तो आधी टॉवरपाशी गेला. वर पाहिलं. मान दुखली. टॉवरखालच्या पानवाल्याला त्याने किसनचं वर्णन सांगितलं: खानदेशी आहे, उंच आहे, डाव्या हाताचं पहिलं बोट मागात गेल्याने अर्धंच आहे. मागाच्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो हे कळत नाही. पानवाला दचकून मागे सरला आणि म्हणाला, "काका, धीमे बोलो." त्याला काही ठाऊक नव्हतं.

तिथून तो विचारत विचारत कतारगाम दरवाजाकडे कबरींपाशी गेला. कठड्यापलीकडे घुमट उभे होते, पावसाने काळे पडलेले. कमानींच्या भेगांतून पिंपळ उगवले होते. खरंच त्यांच्या गावच्या महादेवापेक्षा उंच होते. दगा कठड्याला धरून उभा राहिला. कुठल्या कुठून ही माणसं कापडाच्या व्यापारासाठी इथे आली आणि इथेच राहिली. आपणही कापडासाठीच आलो, पण आपण परत तरी जातोय. त्याला त्या मेलेल्यांची जराशी कीव आली. रखवालदाराला किसन माहीत नव्हता. दगाला तिथे बसावंसं वाटत होतं, पण बसलो तर उठणार नाही, हे त्याच्या गुडघ्यांनी त्याला सांगितलं.

दुपार कलली. जुन्या पेठेतल्या गल्ल्या अरुंद होत गेल्या. लाकडी घरं एकमेकांना खांदा लावून उभी होती, वरच्या मजल्यांचे कोरीव खांब वाळवीने पोखरलेले. खालच्या दुकानांतून तळणाचा वास येत होता. एका ठिकाणी हरभऱ्याच्या डाळीचा वाफाळता लोचो ताटलीत पडत होता, वरून तेल आणि शेव. दगाने पाणपोईवर पोटभर पाणी प्यायलं आणि पुढे निघाला. कुणी हातानेच नाही म्हणायचं, कुणी मान वळवायचं, कुणी दुसऱ्याच किसनकडे पाठवायचं. एका गल्लीत भलताच किसन त्याच्यापुढे उभा केला गेला, फुगेवाला, दाही बोटं शाबूत. दगाने त्याची माफी मागितली.

किल्ल्यापाशी पोचेपर्यंत त्याचे पाय शिशाचे झाले होते. किल्ला पाहायला तिकीट होतं. तो बाहेरूनच गोल बुरूज पाहत राहिला, मग नदीच्या काठाला टेकला. तापी संथ होती, रुंद, मातकट. हेच पाणी गावाच्या वेशीवरून येतं. गावाकडे ते घाईत असतं, इथे येऊन तेही दमलेलं दिसत होतं.

दगाने फडक्याची गाठ सोडली. गुळाचा, भाजक्या गव्हाचा वास आला. तोही भाऊबंदच होता. त्याने खाल्ला असता तर कानबाई कोपली नसती. उषाबाईलाही खोटं सांगावं लागलं नसतं, भावाच्या वाट्याचा भावाने खाल्ला, एवढंच. त्याने कडेचा एक कण चिमटीत धरला. मग तो परत रोटावर ठेवला आणि गाठ पहिल्यापेक्षा घट्ट मारली.

चौकातून परत निघावं म्हणून तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. वाहनांची रीघ तुटत नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या बाजूने कापडाच्या गाठींनी लादलेली एक हातलारी आली. ओढणारा वाकलेला होता, केस पांढरे, डोक्याला गमछा. तो घाम पुसायला थांबला, आणि दांड्यावरच्या त्याच्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं.

दगाने हाक मारली. ती भोंग्यांत बुडाली. पुन्हा मारली. तो मान वर करेना. मग दगाच्या ध्यानात आलं, आपले कान जिथे गेले तिथेच त्याचेही गेले असणार.

खात्यात बोलून चालत नाही. तिथे कारीगर हातांनी बोलतात. दगाने दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी वाजवल्यासारखे हलवले, जसे मागांच्या ओळीपलीकडून लक्ष वेधायला हलवतात. असे हात सुरतेत मागवालाच हलवतो. घाम पुसता पुसता किसनला ते हात दिसले आणि त्याने मान वर केली.

दगाने पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली. मग त्याच्याकडे बोट दाखवलं. मग तळहात आपल्या छातीवर ठेवून लारीकडे दाखवला. माग शेजारी होते तेव्हा रोज दुपारी तो हेच करायचा. तू जेवून घे, तुझे माग मी बघतो.

मागची रिक्षा भोंगा वाजवत होती. किसनने दांडा सोडला नाही, पण लारी कडेला घेतली.

दगा रस्ता ओलांडून आला. दोघांनी गळाभेट घेतली नाही, रीत नव्हती. दगाने लारीचा दांडा आपल्या हातात घेतला आणि फडकं पुढे केलं. गाठ पाहताच किसनला आत काय आहे ते कळलं. त्याने बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, चाकाला पाठ टेकून उकिडवा बसला, आणि रोट कपाळाला लावून खाऊ लागला. दगा दांडा धरून उभा. किसन कण अन् कण वेचून खाईपर्यंत तो हलला नाही.

मग किसन बोटांचा गूळ चाटत त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "गूय कमी शे. वहिनीना हात अजून तसाच शे."

दगाने निरोप सांगितला, गहू तुना नाववर मापेल शे. पुढे सांगितलं की पुनवेनंतर कानबाईचा नारळ गावाला चालला. किसनने फडकं झटकलं, घडी घातली आणि आपल्याच खिशात ठेवलं. आज कुठे कुठे गेलास, विचारलं. दगाने टॉवर सांगितला, कबरी सांगितल्या, किल्ला बाहेरून पाहिला म्हणाला.

"बाहेरून?" किसन म्हणाला. "मंग काय पाह्यं?"

घरी चलशील का, असं दगाने विचारलं. किसन गाठींकडे बघून म्हणाला, आधी माल उतरवू दे. मग त्याने दांडा परत घेतला. माल जायचा होता तो रस्ता लिंबायतच्या उलट दिशेला होता. दगाचे पाय दुखत होते. तो लारीच्या मागे गेला, गाठींना दोन्ही तळहात लावले आणि ढकलू लागला.