इद्रीस होडेकराची हातोडी

इद्रीस होडेकर बावीस वर्षे आगबोटीवर रंग खरवडत आणि रंग लावत होता. काम शिकला तो मार खाऊन. ॲल्युमिनिअमच्या होडीचे मीठ न धुता ब्रश फिरवला, म्हणून सारंगाने, खलाशांच्या मुकादमाने, एकदा त्याच्या पाठीवर ओला दोरखंड ओढला. ते वळ घेऊनच तो छप्पन साली आपल्या गावी, राजिवड्याला परतला.

त्याचा भाचा फारुक याने मुंबईहून मोडीत निघालेली जहाजावरची होडी आणली होती, सगळी ॲल्युमिनिअमची. खाडीपलीकडे उतारू न्यायचे होते. लाकडी मचव्यांना किडा लागू नये म्हणून तळाला तांब्याचा लाल रंग फासतात. फारुकने तोच हिलाही फासला. परवान्याची वाट पाहत होडी सहा महिने खाऱ्या पाण्यात उभी राहिली. आता परवाना आला होता. उद्या पहिली खेप, चाळीस माणसे.

दुपारच्या ओहोटीत होडी पालथी घातली होती. लाल रंगावर फोड आलेले इद्रीसने पाहिले.

"ही उद्या जायची नाय."

"का, मामू? मचव्याला चालतो तो रंग हिला का नाय?"

"तांबं किड्याला मारतं आणि हिला खातं. हिला आधी घासून धुवायची, मग रंगाखाली पिवळं अस्तर. कांद्याच्या सालीएवढं पातळ."

"आगबोट सुटली, सारंगकी नाय सुटली," शेजारच्या मचव्यावरचा धोंडू तांडेल हसला.

इद्रीसने हातोडी उचलली. पहिल्या घावाला लाल खपली उडाली आणि खालून चुन्यासारखी पांढरी भुकटी सांडली. दुसरा घाव आरपार गेला. फारुकने मामूवर वल्हे फिरवले. इद्रीसच्या खांद्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज धोंडूनेही ऐकला. इद्रीस गुडघ्यावर आला, हातोडी डाव्या हातात घेतली आणि तिसरा घाव घातला. वल्ह्याच्या दुसऱ्या फटक्याने त्याचे दोन दात वाळूत पडले.

मग फारुक भोकाशी वाकला. कडेला बोट लावले, तर पत्रा खारी बिस्किटासारखा चुरत गेला. हातभर जागा त्याने नुसत्या बोटांनी मोडून काढली. बोटे कापली, तरी मोडतच राहिला.

सकाळी उतारू परत गेले. फारुक मामूच्या दारात उभा राहिला. मासूमा मामी त्याला आत घेईना.

"पिवळं अस्तर कुठं मिळतं, तेवढं सांगा," तो बाहेरूनच म्हणाला.

आतून सुजल्या तोंडाने इद्रीस बोलला, "आधी लाल काढ. सगळा. मग विचार."