ओढ्यापलीकडची बंद घरं

तलवाड्याच्या बाजूला एका गावात मी ग्रामसेवक होतो. पूर-दुष्काळात गाव तगावं म्हणून विकास आराखडा करा, असं वरून पत्र आलं. दरवर्षी काहीतरी येतंच. घरोघर जाऊन माणसं मोजायची, धोका कुठं आहे ते लिहायचं. मुदत जानेवारीची.

ओढ्यापलीकडची वस्ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची. जानेवारीत तिथं काय असणार? दारोदार कुलपं. एक म्हातारी तेवढी उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली. म्हणाली, "भाऊसाहेब, पावसाळ्यात ह्यो वढा लई आडवितो. एक पूल लिवा."

"मावशी, माणसंच दिसत नाहीत, कुणासाठी लिहू?"

"कुलपं दिसत्यात न्हवं? मग मानसंबी हायेत की."

मी हसलो आणि 'घर बंद' लिहून निघालो. ऊन चढलं होतं, अर्धं गाव बाकी होतं. खोटं कशाला सांगू, कंटाळा आलता. ही माणसं पावसाळ्यात घरीच असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी आराखड्यात वस्ती रिकामी निघाली आणि पूल मंजूर झाला गावाच्या दुसऱ्या अंगाला, पुढाऱ्याच्या मळ्याच्या वाटेवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ग्रामसभेत कुणी ब्र काढला नाही; बोलणारे उसाच्या फडात होते. चहा पिऊन सगळे घरी गेले.

त्याच वर्षी भाद्रपदात पाऊस थांबेचना. म्हातारीच्या सुनेला सकाळीच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात न्यायची जीप अलीकडं, बाई पलीकडं, मधे पुरुषभर पाणी. मीही अलीकडंच. दोर टाकून पाहिला, जमलं नाही. दिवस मावळताना पाणी उतरलं, तेव्हा बाजेवर घालून तिला आणली. बाई वाचली, बाळ गेलं.

मी पावसाला शिव्या दिल्या, साहेबाला दिल्या, त्या पत्राला दिल्या. पण लिहिणारा हात माझाच होता. त्याची लाज अजून वाटते.

दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रक आला. भांडी, कोयते, सरपण वर गेलं. सून चढता चढता मला पाहून थांबली.

"भाऊसाहेब, पुलाचं काय झालं?"

"पुन्हा सर्वे आहे. या वेळी आधी तुमच्याच वस्तीत येतो."

"कवा हाय?"

"जानेवारीत."

तिनं पदर खोचला आणि वर चढली.

"तवा तर आमी तोडीवरच असतो की," ती म्हणाली.