बातमीतले पाचवे वाक्य

युद्धाच्या चौथ्या पावसाळ्यात, पोळ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, सोनगीरच्या अलीकडच्या उतारावर गोविंद तांबट फटफटीसह एका उभ्या बैलगाडीवर आदळला आणि त्याचे उजवे मनगट चिरडले. फटफटी माझी होती. बातमीही मीच लिहिली. धुळ्याच्या ज्या साप्ताहिकात मी तेव्हा नोकरीला होतो, त्याच्या दुसऱ्या पानावर ती आली. पाच वाक्यांची बातमी. पहिली चार खरी होती.

पाचव्याविषयी मी आजवर कोणाशी बोललेलो नाही. बायकोशी नाही, वडिलांशी नाही. ते छापून आल्याला आता चार वर्षे होत आली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हांला सांगणे जमेल असे वाटते — की ओळखीच्या माणसाला सांगायची अजूनही हिंमत नाही, एवढाच त्याचा अर्थ?

गाडीपासून सुरुवात करतो. ते त्यातल्या त्यात सोपे आहे.

विलायतेला परत निघालेल्या एका पाद्र्याकडून मी ती घेतली होती. दिसायला सायकलच, पेडलसकट. पोटात नारळाएवढे इंजिन. सोनगीर ते धुळे बारा मैल. मी रोज सकाळी जायचो, संध्याकाळी परत यायचो. युद्धामुळे पेट्रोल कुपनावर आले आणि महिन्याचे पेट्रोल आठ दिवसांत संपू लागले. तेव्हा मी सुपडू मिस्त्रींकडे गेलो.

धुळ्यात आग्रा रोडला, पांझरेच्या पुलाजवळ त्यांचे दुकान होते. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. आधीची वीस वर्षे जिनात फिटर म्हणून गेलेली — कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात. बोलणे कमी, आणि जे बोलत ते अहिराणीत. एक रिवाज त्यांनी पाळला होता: दुरुस्त केलेली कोणतीही गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी ते स्वतः गावाबाहेरच्या नगाव बारीच्या चढापर्यंत चालवून आणत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कितीही मोठे असो.

त्यांनी माझी गाडी रॉकेलवर चालवून दाखवली. त्यासाठी दुसरी छोटी टाकी लागली. ती आमच्या शेजारच्या गोविंद तांबटाने तांब्याची करून दिली. पेट्रोलवर सुरू करायची, अर्ध्या मैलाने इंजिन तापले की तोटी फिरवून रॉकेलवर घ्यायची. या टाकीच्या निमित्ताने गोविंद दोन-तीनदा धुळ्याला आला. मिस्त्री आणि तो दुकानापुढे उकिडवे बसून तोटीचे माप काढत, एकमेकांच्या धंद्याची चेष्टा करत. गोविंद म्हणे, तुमच्या लोखंडाला आवाज आहे पण सूर नाही. मिस्त्री म्हणत, तुझ्या हंड्याला सूर आहे पण तो बारा मैल चालत नाही.

मग ब्रेक गेले. विलायती पट्टी बाजारात मिळेना. मिस्त्रींनी जिनाचे चामडे काढले. सरकी काढणाऱ्या रोळाला, म्हणजे फिरत्या लाटेला, जाड चामडे चढवलेले असते. ते दिवसभर घासते, तापते, तरी पकड सोडत नाही. झिजलेल्या रोळाच्या चांगल्या भागातून त्यांनी पट्ट्या कापल्या आणि गोविंदाने दिलेल्या तांब्याच्या रिव्हेटांनी ब्रेकला ठोकल्या. नेहमीप्रमाणे भर पावसात नगाव बारीपर्यंत जाऊन आले, आणि गाडी देताना म्हणाले,

"भाऊ, बठ्ठं करा, पन याले तेल दखाडू नका. कोल्लं ऱ्हाऊ द्या. तो आवाज करी. करू द्या."

सगळे करा पण तेल नको, कोरडे राहू द्या, असे ते बजावत होते. आवाज झाला. ब्रेक दाबला की किंचाळी. मी कचेरीच्या दारात थांबलो की संपादक म्हणत, "तुमच्या आधी तुमचा ब्रेक हजर होतो." कंपोझिटर लोकांनी गाडीला 'डुकरीण' नाव ठेवले. कलेक्टर कचेरीचा शिपाई मला लांबून पाहिले की दोन्ही कानांवर हात ठेवी आणि मग मुजरा करी. मी सगळ्यांबरोबर हसत असे. मला ते आवडत नव्हते. इतके साधे होते ते. मोठे कारण असते तर सांगायला बरे वाटले असते.

आमच्याकडे चामड्याला तेल देतात. जोड्याला, मोटेला, बैलांच्या पट्ट्यांना. पोळ्याच्या आदल्या दिवशी तर अंगणात दुसरे काम नसते. त्या वर्षीही आबा — माझे वडील — घुंगरांचे पट्टे मांडीवर घेऊन एरंडीचे तेल चोळत बसले होते. तेलाची वाटी अर्धी उरली. फटफटी भिंतीला टेकलेली होती. आबा तिच्याकडे पाहून म्हणाले,

"बैलंसनं व्हयनं. आते तुन्हा घोडाले बी लाव."

ते थट्टा करत होते. त्यांच्यावर काहीही टाकण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांना मिस्त्रींचे बोलणे ठाऊक नव्हते. मला होते.

मी पुढचे चाक उतरवले — मिस्त्रींना उतरवताना पाहिले होते — आणि दोन्ही पट्ट्यांना तेल लावले. चिंधीने, दोनदा. चामड्याने ते लगेच पिऊन टाकले, म्हणून तिसऱ्यांदा लावले. काय मनात होते? हेच, की चामडे ते चामडे. मिस्त्री वीस वर्षे जिनात राहिले म्हणून आमच्या सात पिढ्यांपेक्षा त्यांना चामड्यातले जास्त कळते का? असे काहीतरी. मी स्वतःला यंत्रातले कळते असे समजत असे आणि गावही तसे समजत असे.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेलो. आवाज बंद झाला होता. कचेरीत कोणीतरी म्हणाले, डुकरीण माणसाळली. येताना सोनगीरच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला — आणि तो हाताला लागलाच नाही. लोण्यात बोट जावे तसा गेला. मागचा ब्रेक नावापुरता होता. मी पाय जमिनीला घासत गाडी थांबवली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसाच गेलो, तसाच आलो. उतार आला की खाली उतरून हाताने गाडी धरून चालत होतो.

म्हणजे मला माहीत होते. दोन रात्री माहीत होते. मिस्त्रींच्या दुकानावरून मी मधल्या दिवशी दोनदा गेलो आणि एकदाही थांबलो नाही. चाक उघडले की त्यांना वास आला असता.

तिसरा दिवस गुरुवार, माझ्या सुट्टीचा. गोविंदाला तांब्याच्या परवान्यासाठी धुळ्याच्या कचेरीत जायचे होते. युद्धात तांबे मोकळे मिळत नसे. परवाना नसला तर भट्टी बंद. तो सकाळी आला. गाडी त्याला चालवता येत होती. टाकीच्या वेळी त्याने ती अनेकदा चालवून पाहिली होती.

"भाऊ, आज गाडी रिकामी शे ना?"

नाही म्हणता आले असते. पुढचा ब्रेक धरत नाही, असेही म्हणता आले असते. पण मग त्याने विचारले असते — का धरत नाही? कालपर्यंत तर धरत होता. मी ते उत्तर देण्याचे टाळले. "ने," म्हणालो. मग म्हणालो, "जपून ने."

हे दोन शब्द मी पुढे स्वतःला अनेकदा ऐकवले. जणू ते सूचनेच्या जागी चालतात.

परवान्याचे काम झाले होते. परत येताना उतारावर लष्करी लॉऱ्यांची रांग समोरून आली म्हणून कडब्याची एक बैलगाडी कडेला थांबली होती. गोविंद तिच्या मागून आला. खाली उतरून उभ्या असलेल्या गाडीवानाने पोलिसांना सांगितले, त्याने ब्रेक दाबल्याचे दिसले, पण गाडी थांबली नाही. त्याचा हात हँडलची मूठ आणि बैलगाडीचा दांडा यांत सापडला. धुळ्याच्या दवाखान्यात हात वाचला. बोटे मात्र पुन्हा मिटली नाहीत. तांबटाला हातोडी धरता आली नाही तर काय उरते, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

पंचनाम्यात 'ब्रेक चामड्याचे' असे आले. गावात तेवढे पुरले. चामड्याचा ब्रेक! कोणी ऐकला होता? जो तो मिस्त्रीचे नाव घेऊ लागला. मला काहीही रचावे लागले नाही, फक्त लिहावे लागले. पाचवे वाक्य असे होते: 'सदर वाहनास गावठी चामड्याचे ब्रेक बसविणाऱ्या धुळ्यातील मिस्त्रीच्या निष्काळजीपणामुळे हा अपघात घडला, असे समजते.'

असे समजते. कोणाला समजते? आमच्या धंद्यात हे दोन शब्द लावले की विचारणारा कोणी राहत नाही. मिस्त्रींनी तसेच ब्रेक आणखी काही गाड्यांना बसवले होते आणि त्यांपैकी एकही गाडी अडखळलेली नव्हती. ही माहिती माझ्याकडे होती. बातमीत नव्हती.

अंक बुधवारी निघाला. शुक्रवारी मिस्त्री कचेरीत आले. मधल्या दिवशी ते सोनगीरला जाऊन आले होते. पोलीस पाटलाच्या दारात पडलेल्या गाडीचे चाक त्यांनी उघडले होते. त्यांनी माझ्या टेबलावर एक फडके ठेवले आणि सोडले. आत ब्रेकची पट्टी होती, काळी पडलेली.

"भाऊ, वास ल्या."

मी घेतला.

"हाई एरंडीनं तेल शे. मन्हा दुकानमा एरंडीनं तेल नही." मग त्यांनी विचारले, "हाई कोनी लायं?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी खरोखरच विचारले होते. त्यांना माझ्यावर संशय आला होता का? मला वाटते, नव्हता. तेल लावू नका असे त्यांनी मला सांगितलेले होते. सांगितलेले माणूस ऐकतो, असे त्यांचे गणित असावे.

मी म्हणालो, "मला काय ठाऊक, मिस्त्री? तुमच्याच हाताला असेल."

त्यांनी स्वतःचे हात पाहिले. आधी तळवे, मग उलटे करून. मग म्हणाले, मी सांगतो ते लिहून घ्या आणि छापा. मी पेन्सिल घेतली. त्यांनी सगळे क्रमाने सांगितले — चामडे कोठून आणले, कसे कापले, किती रिव्हेट ठोकले, कोठपर्यंत चालवून पाहिले, तेलाबद्दल मला काय बजावले. दोन पाने झाली. मी वाचून दाखवले. एक शब्दही चुकलेला नव्हता. मी मागितला नसताना त्यांनी खाली अंगठा उठवला. पट्टी पुराव्याला ठेवून घ्या म्हणाले.

पट्टी मी त्याच संध्याकाळी पुलावरून पांझरेत टाकली. पाणी मोठे होते. दोन पाने छापली नाहीत.

मिस्त्रींना वाचता येत नव्हते. दर बुधवारी ते अंक विकत घेत आणि शेजारच्या पानवाल्याकडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घेत. अंक विकणाऱ्याने हे मला सांगितले. त्याला त्याची गंमत वाटत होती. असे चार बुधवार झाले. पाचव्या बुधवारी त्यांनी अंक घेतला नाही. कचेरीतही पुन्हा आले नाहीत.

त्यांची गिऱ्हाइके तुटली. आधी एका डॉक्टरांनी मोटरसायकल काढून नेली, मग प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारवाल्याने काम थांबवले. संक्रांतीपर्यंत दुकान बंद झाले. ते धरणगावच्या एका जिनात रोळाचे चामडे बदलायच्या कामावर लागले — त्याच कामावर, जिथून तरुणपणी वर चढले होते. कामानिमित्त मी तीनदा धरणगावला गेलो. जिनाच्या फाटकावरून गेलो. आत गेलो नाही.

गोविंद भावांच्या भट्टीशेजारी बसे आणि गिऱ्हाइकांशी बोले. हाताबद्दल कोणी विचारले तर एकच सांगे: "मिस्त्रीनं मन्हा हात खाया." मी पुष्कळदा तिथे असे. तो माझ्याकडे पाहून सांगे, कारण मला सगळे ठाऊक होते असे तो धरून चालला होता. मी मान हलवत असे.

यंदाच्या माघात गोविंद तापाने वारला. लोक त्याच्या घरी दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, येत होते. पाचव्या दिवशी सकाळी सुपडू मिस्त्री धरणगावहून आले. मोटारीतून उतरून गावातून चालत आले आणि ओट्याखाली चपला काढल्या. ओट्यावर आम्ही पंधरा-सोळा जण होतो. गोविंदाचा थोरला भाऊ उभा राहिला.

"आठे तुमनं काय काम?"

"दारवर बसाले उनू, भाऊ."

"नका बसू."

 मिस्त्रींनी ओट्यावरच्या सगळ्यांना मिळून एकदा हात जोडले आणि चपला पायात घातल्या. मी थोरल्या भावाच्या मागे, भिंतीला टेकून बसलो होतो. मी उठलो नाही. दुपारच्या सर्व्हिस मोटारीने ते परत गेले.