दोनदा म्हणायची ओळ

ठाकुर्लीच्या शिमशोनकाका मापगावकरांना दाराची बेल ऐकू येत नाही, पण चूक बरोबर ऐकू येते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनशेजारी उभं राहून त्यांचा उजवा कान बराचसा गेलाय. बेल वाजवून आपलं बोट दुखायला लागतं तेव्हा कुठे ते दार उघडतात. मात्र एखाद्या पोराने हिब्रू प्रार्थनेतला एक शब्द गाळला, की डावा कान टवकारून लगेच, "मागे जा, मागे जा!"

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. कल्याण-डोंबिवलीत आमची घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, बाकीची मंडळी इस्रायलला गेली. काकांची दोन्ही मुलंही तिकडेच. काकू वारल्यापासून ते एकटे राहतात आणि दर रविवारी सकाळी नऊला त्यांच्या घरात सात मुलांचा धर्मवर्ग भरतो. माझी दहा वर्षांची तिर्झा त्यातली एक. तिला काकांच्या दारात सोडायचं आणि निवांत भाजी आणायला जायचं, असा माझा नेम होता. धर्म काका शिकवतात म्हटल्यावर मी मोकळी!

तिर्झा शिकली, आणि चांगलीच शिकली. मला तिचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू? पण मग तिने घरातही "मागे जा" सुरू केलं.

शुक्रवारी सूर्य मावळताना आमचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, लागतो. मी दिवे लावते आणि माझा नवरा रूबेन काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला हातात घेऊन किद्दुशची प्रार्थना म्हणतो. त्याची चाल त्याच्या नागावच्या आजोबांची. शेवटची ओळ तो दोनदा म्हणायचा आणि दुसऱ्यांदा इतक्या जोरात, की शेजारच्या चित्राताई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. लग्नानंतर बारा वर्षं मी ते ऐकत आले. सगळे असंच म्हणत असतील, असं मी धरून चालले होते.

एका शुक्रवारी तिर्झाने त्याला मध्येच थांबवलं. "पप्पा, चुकलं. ती ओळ एकदाच आहे. काकांच्या वहीत बघ."

रूबेन हसला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच, तेव्हा त्याचं हसू जरा कमी झालं. तिसऱ्या शुक्रवारी त्याने पेला तिच्यापुढे सरकवला. "तूच म्हण. तुला बरोबर येतं."

तिने अगदी बिनचूक म्हटलं. त्यानंतर रूबेनला शुक्रवारीच उशीर व्हायला लागला. "अगं, शीळफाट्याला अडकलेलो." शीळफाट्याचा ट्रॅफिक मला काय ठाऊक नाही? पण आधी हाच माणूस शुक्रवारी साहेबाच्या हातापाया पडून लवकर निघायचा. आमच्या टेबलावर सगळं जागच्या जागी होतं, फक्त त्याचा आवाज नव्हता. तो आवाज आता आमच्या घरात पुन्हा कधीच ऐकू येणार नाही, या विचाराने मला एकदा चपात्या लाटताना रडू आलं.

त्या रविवारी मी भाजीला गेले नाही. सरळ काकांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"काका, तुमच्या वर्गाने माझा नवरा मुका केला."

"काय केला?"

"मुका!" मी डाव्या कानाशी ओरडले. सातही पोरं वह्या मिटून बघत बसली.

काका शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले. ते येणार म्हटल्यावर शीळफाटा बरोबर रिकामा सापडला आणि रूबेन वेळेत घरी पोचला. मी दिवे लावले.

"रूबेन, म्हण," काका म्हणाले.

"माझं चुकतं, काका."

"कोण म्हणतं?"

आम्ही दोघांनी तिर्झाकडे पाहिलं. तिर्झाने काकांकडे पाहिलं.

काका जरा चुळबुळले. मग म्हणाले, "बरं, पण ती ओळ तू दोनदा का म्हणायचास?"

रूबेन पेल्याकडे बघत म्हणाला, "आजीला कमी ऐकू यायचं. आजोबा आधी नेहमीसारखे म्हणायचे, मग तिच्या कानाशी वाकून पुन्हा जोरात. ती आमेन म्हणाली, की मगच आम्हाला जेवायला मिळायचं."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?" तिर्झाचे डोळे भरले होते.

"तू विचारलं कुठे? चूक म्हणालीस फक्त."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "तिचा दोष नाही रे. ते मी शिकवलं," ते म्हणाले. "माझ्या वडिलांचीही एक चाल होती. पुस्तकातली शिकलो आणि ती सोडून दिली. आता आठवायला जातो, तर येत नाही."

त्या दिवशी किद्दुश रूबेनने म्हटलं. दोन ठिकाणी तो अडखळला. तिर्झाने एकदाही "मागे जा" म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी काकांनी मुलांना गृहपाठ दिला: आपापल्या घरी मोठी माणसं कसं म्हणतात ते ऐकून या, आणि त्यांनाही सोबत आणा. त्यामुळे माझी भाजी आता शनिवारी रात्री येते आणि रविवारी मी मांडी घालून पोरांच्या ओळीत बसते. माझ्यावरही "मागे जा" होतं. पण मला ते आवडतं, हे काकांना सांगू नका.

काका आता दर शुक्रवारी आमच्याकडेच जेवतात. गेल्या शुक्रवारी रूबेनने शेवटची ओळ एकदा म्हटली आणि दुसऱ्यांदा म्हणायला श्वास घेतला, तेवढ्यात तिर्झा खुर्चीवरून उठली. टेबलाला वळसा घालून ती काकांपाशी गेली, त्यांच्या उजव्या कानाशी वाकली आणि ती ओळ आजोबांच्या चालीत, घर दणाणेल अशी म्हणाली.

काकांनी ती सगळी ऐकली. मग त्यांनी आमेन म्हटलं आणि आम्ही जेवायला बसलो.