मीनाताई अफगाणिस्तानला जातात

रिलीफ संस्थेत कॉम्प्युटर सांभाळायला लागलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाहेरच्या देशातून परतलेला माणूस आधी बिघडलेला लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे येतो आणि तो सुरू होईपर्यंत बोलत बसतो. अमेरिकेतल्या बॉथेलच्या त्या छोट्या ऑफिसात मी चार वर्षं होतो. सगळ्यात जास्त किस्से मीनाताईंचे. मूळच्या नागपूरच्या, पन्नाशीतल्या वॉटर इंजिनिअर. खेडोपाडी हातपंप बसवायच्या.

*

२००३ साली त्या अफगाणिस्तानला निघाल्या. त्याआधी सिक्युरिटी ट्रेनिंग. ते घ्यायचा फ्रँक, रिटायर्ड सोल्जर. जंगलात खोटा चेकपोस्ट, खोट्या बंदुका. नियम साधा: हात वर, वाद घालायचा नाही. बंदूकवाल्याने ताईंची बॅग ओढली, तर त्या म्हणाल्या, "बॅग घे, पण आतला डबा दे."

फ्रँकने फॉर्मवर रिमार्क लिहिला: "मृत. डबा सुरक्षित."

*

जाणाऱ्या प्रत्येकाला एक खाजगी प्रश्न आणि त्याचं उत्तर लिहून द्यावं लागे. उद्या कुणी पळवून नेलं, तर माणूस जिवंत आहे की नाही हे किडनॅपर्सना तो प्रश्न विचारून कळतं. एका कलीगने लग्नाची तारीख लिहिली. मी सहज त्याच्या बायकोला फोन करून चेक केलं. तारीख चुकली होती.

फ्रँक म्हणाला, "याला किडनॅपर्सपेक्षा घरी जास्त धोका आहे."

*

हिवाळ्यातली संध्याकाळ. मी घरी निघालो होतो आणि फोन वाजला. तिकडे सकाळ होती. ताईंच्या जीपवर गोळीबार झाला होता.

"मी ठीक आहे," ताई मराठीतच म्हणाल्या. "ड्रायव्हरला पोटात गोळी लागलीय. रहीमला. त्याची फाइल उघड, ब्लड ग्रुप सांग."

माझा पासवर्ड दोनदा चुकला.

"सावकाश टाइप कर रे. मी लाइनवर आहे."

बी पॉझिटिव्ह. ताईंचाही तोच. हॉस्पिटलात पोचल्यावर त्यांनीच रक्त दिलं. रहीम वाचला. नंतर त्या म्हणाल्या, "आता तो मला आपा म्हणतो, मोठी बहीण. गाडी मात्र अजून माझं न ऐकता चालवतो."

*

संस्थेने तिथलं काम बंद केलं. ताई बॉथेलला परतल्या. रोज ऑफिसला यायच्या, पण गप्प गप्प असायच्या. सात-आठ महिन्यांनी रहीमची ईमेल आली. ताईंनी ज्या गावात शेवटचा पंप बसवला होता, तिथल्या म्हाताऱ्यांनी ती त्याच्याकडून लिहून घेतली होती. मीटिंगमध्ये मी ती मोठ्याने वाचली.

"पंप बंद पडला आहे. एक पार्ट पाठवा. जीपवर गोळ्या झाडणाऱ्यांच्या घरीही इथूनच पाणी जातं. तेही तुमची वाट पाहत आहेत."

फ्रँकने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ताईंनी वही पुढे ओढली, पेन उघडलं.

"कुठला पार्ट, ते लिहिलंय का?"