सक्तीची एक ओळ

सगळ्यांनी लिहिलेला प्रोग्राम एकत्र बांधून औषधाच्या पंपाचं सॉफ्टवेअर तयार करायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. ऑफिसात तिला सगळे बिल्डताई म्हणत. त्या सोमवारी तिच्या लक्षात आलं, की प्रोग्रामसाठी संगणकाच्या भाषेचं नवं स्टँडर्ड, म्हणजे नियमांची नवी आवृत्ती, मागितलंय, पण जुन्या सर्व्हरवरच्या कंपायलरला, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते येतच नाही. सगळं जोडून घेणारी बिल्ड सिस्टीम मात्र तोंडातून ब्र न काढता जुन्या स्टँडर्डवर काम उरकत होती. त्यामुळे नव्या पंपात औषधाच्या मात्रेचं गणित जुन्या, ढोबळ पद्धतीने होत होतं. तिने बिल्ड सिस्टीमच्या सूचनांत ‘हे स्टँडर्ड सक्तीचं’ अशी एक ओळ घातली. काम तिथंच अडलं आणि पडद्यावर चूक दाखवणारी लाल सूचना आली.

“ताई, उद्या पंप पाठवायचेत,” साहेब म्हणाले. “चाचणीत पास झालंय ना? मग कशाला नसती उठाठेव?”

“पास नाही, साहेब. खपून गेलंय.”

“ती ओळ काढा. पुढच्या वेळी बघू.”

“काढते. पण मग पंप सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्रावर सही तुमची.”

साहेबांनी पडद्यावरची लाल सूचना पुन्हा वाचली आणि पंपांना उशीर होईल हे सांगायला ग्राहकाला फोन लावला. ती नवा कंपायलर चढवायला बसली.