सनईची बैलगाडी

निजामाच्या मर्दुमशुमारीत मी बीड तालुक्यात घरोघर माणसं मोजत, त्यांचे धंदे लिहीत फिरलो. तालुक्यातला कोणता माल बाहेर जातो, हे तहसीलदारांना हवं होतं.

मी म्हटलं, "साहेब, कोणत्या धंद्यात किती हात हायेत, ते मोजा. बीडच्या एका गल्लीत घरोघरी चामड्याच्या छागला शिवतात. बीड पाणी पिऊन पिणार किती? उरलेल्या बाहेरच जातात."

साहेब खूश झाले.

"आणि एका एवढ्याशा गावात सनईवाल्यांची पंधरा घरं हायेत. म्हणजे सनईबी बाहेर जाते."

साहेब खो खो हसले. "सूर काय बैलगाडीत भरतात?"

मला लई राग आला.

उन्हाळ्यात त्यांच्या लेकीच्या लग्नाला जालन्याला गेलतो. दारात त्याच गावचे सनईवाले वाजवत होते. साहेबांना मी मुद्दाम मांडवामागं नेलं आणि सनईवाल्यांची बैलगाडी दाखवली.